मेलेल्यांचा नंबर पहिला

लष्कराच्या छावणीच्या मागं, नाल्याच्या काठाला ख्रिस्ती लोकांचं एक जुनं कबरस्तान होतं. त्याची राखण मनकर्णाबाई साळवे करायची. आधी तिचा नवरा करायचा. तो त्याच कबरस्तानात पश्चिमेच्या भिंतीकडं जाऊन कायमचा निजला, तेव्हा चर्चच्या मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली. बाईमाणसाला असलं काम द्यावं का, यावर त्यांनी दोन तास डोकं खाजवलं आणि शेवटी तिलाच दिलं, कारण फाटकाशेजारच्या त्या एका खोलीत राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. खड्डा खणायला तिचा धाकटा दीर पुंजाराम होता. झाडलोट, बोराट्या तोडणं, आलेल्या माणसाला त्याची कबर दाखवणं, हे सगळं मनकर्णाबाईकडं. शिवाय आलेल्याच्या रडण्यात पाणी किती आणि दूध किती, हे ती उभ्या उभ्या ओळखायची. पूर्वी तिनं शेळ्या पाळून घरोघर दूध घातलेलं होतं, त्यामुळं भेसळीची पारख तिला फुकटात मिळालेली.

बासष्ट सालच्या जानेवारीत औरंगाबादेत जगबुडीची हवा सुटली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि पृथ्वीचा चुराडा होणार, असं जो तो सांगू लागला. देवळादेवळांतून यज्ञ पेटले. गुलमंडीच्या दुकानांत तूप मिळेना. कोणी शहर सोडून फुलंब्रीला नातेवाइकांकडं गेलं, जणू ग्रह पडायचे ते नगरपालिकेची हद्द बघूनच पडणार होते.

मंडळीतल्या लोकांना पहिल्यांदा याचं हसू आलं. आपण खऱ्या देवाची माणसं, आपल्याला ग्रहांचं काय, असं म्हणत ते आठवडाभर हसले. मग दक्षिणेकडून एक फिरता उपदेशक आला. त्याचं नाव इम्मानुएल. उंच, बारीक, आवाज मात्र घागरीत बोलल्यासारखा. छावणीच्या मोकळ्या मैदानावर त्यानं मांडव घातला आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं की ग्रह वगैरे सगळं खोटं आहे, पण तारीख बरोबर आहे. रविवारी, चार फेब्रुवारीला, प्रभू मेघांवर बसून येणार. तुतारी वाजणार. जे मरून पडलेत ते आधी उठणार, त्यांच्या मागून जिवंत विश्वासणारे वर उचलले जाणार आणि मग प्रत्येकाचा निवाडा होणार. सगळ्यांनी पांढरे कपडे घालून तयार राहावं.

एवढं ऐकलं आणि मंडळीचं हसू कुठल्या कुठं पळालं. मांजरपाटाचे तागे संपले. शिंप्यांना जेवायला सवड राहिली नाही. मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्रीसाहेब, स्वभावानं भले आणि भित्रे. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं प्रभूनंच सांगून ठेवलंय, हे त्यांनी एका रविवारी हळूच म्हणून बघितलं. पण पहिल्या ओळीतल्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या, तशी त्यांनी पुढची गोष्ट काढली. त्यांच्या बायकोनंही पांढरं लुगडं घेऊन ठेवलंय, हे मनकर्णाबाईला दुसऱ्याच दिवशी कळलं.

तिला खरी गंमत वाटली ती कबरस्तानात. दहा-दहा वर्षं जिकडं कोणी फिरकलं नव्हतं तिकडं माणसांची रीघ लागली. कोणी चुना घेऊन आलं, कोणी झाडू. आईबाप उठल्यावर त्यांना आपलं थडगं बोराटीत दडलेलं दिसू नये, म्हणून सगळ्यांची धांदल.

"मनकर्णामावशी, आमच्या म्हाताऱ्याची कबर कंची?" एकानं विचारलं.

"तू त्याचा पोरगा. तुला ठावं नाय?"

"लई दिस झाले ना."

"मंग थांब की रविवारपतुर. म्हातारा उठून सोताच दाखवंल."

तो माणूस ओशाळला, पण शेजारचीच एक कबर रंगवून गेला. ती रेल्वेच्या कोणा परक्या गार्डाची होती. मनकर्णाबाईनं त्याला अडवलं नाही. तेवढंच त्या गार्डाला बरं, म्हणाली.

आणखी एकजण चार वर्षांपूर्वी इथून उचलून नेलेलं फावडं परत देऊन गेला. डोळ्यांत पाणी आणून दिलं. पुंजारामला त्या फावड्याचं अप्रूप वाटलं. तो म्हणाला, "वहिनी, दर सालाला असा एखांदा उपदेशक आला तर बरं व्हईल."

मनकर्णाबाई नास्तिक नव्हती. संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना करायची. नवरा आणि दोन लेकरं तिनं या मातीत ठेवली होती आणि ती कधीतरी उठतील, असं तिला मनापासून वाटायचं. पण त्या दिवसासाठी शिंप्याकडं रांग लावावी लागेल, हे तिला पटत नव्हतं. देवाला कापड बघायचं असतं तर त्यानं माणसाला उघडं कशाला जन्माला घातलं असतं, असं ती म्हणायची. शिवाय जगाचा शेवट तिनं एकदा बघितलेला होता. अठ्ठेचाळीस सालात निजामाचं राज्य पाच दिवसांत आडवं झालं, तेव्हाही लोक कयामत आली म्हणून पळत सुटले होते. जग बुडालं नव्हतं. माणसं कशी आहेत तेवढं मात्र दिसलं होतं.

बुधवारी दुपारी तात्यासाहेब त्रिभुवन आले.

तात्यासाहेब पंचांतले वजनदार गृहस्थ. निजामाच्या काळात बांधकाम खात्यात दारोगा होते, पुढं नव्या सरकारातही तसेच चिकटून राहून निवृत्त झाले. प्रार्थना इतकी लांब करायचे की लहान पोरं झोपून उठायची. त्यांची पहिली बायको वच्छलाबाई अठ्ठेचाळीसच्या त्याच धामधुमीत वारली होती. पाच महिन्यांनी त्यांनी जालन्याच्या एका शिक्षिकेशी, सारजाबाईंशी, लग्न केलं. वच्छलाबाईच्या कबरीवर साधी फरशीसुद्धा नव्हती. मातीचा उंचवटा होता, तोही मनकर्णाबाई दरवर्षी लिंपायची म्हणून.

तात्यासाहेबांनी खोलीसमोरच्या दगडावर आधी रुमाल पसरला, मग बसले.

"मनकर्णाबाई, एक नाजूक काम आहे."

"बोला."

"आमच्या वच्छलाबाईंची एक इच्छा होती. माहेरच्या मातीत पडावं, अशी. वैजापूरला तिच्या आईवडलांच्या कबरी आहेत. तर म्हटलं, हलवून घ्यावं तिला. पेटी करायला टाकली आहे."

"साडेतेरा वरसं झाली की, तात्यासाहेब."

"इच्छा ती इच्छाच. ती पुरी करायला हवी."

"अन् ती शनवारच्या आतच पुरी करायची?"

तात्यासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. पुंजाराम लांब भिंतीपाशी काम करत होता. मग त्यांनी आवाज उतरवला. सरकारी कचेरीत साहेबाच्या कानाला लागून लागून त्यांना ती कला चांगली साधलेली होती.

"उपदेशकांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच. मेलेले आधी उठणार. आपण मागून."

"व्हय."

"मी तीस वर्षं कचेरी बघितली. ज्याची फिर्याद आधी पोचते, मिसल त्याच्या नावानं उघडते. मागून जाणाऱ्यानं कितीही कागद दाखवले तरी साहेबाचं मन आधीच बनलेलं असतं."

मनकर्णाबाईला कळायला जरासा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं हातातला विळा खाली ठेवला.

"म्हंजी वच्छलाबाई तुमच्या आधी देवाफुडं जाणार, अन् सांगणार."

"तसं नव्हे. पण बाईमाणूस. आजारात मरण पावली. मनात काही गैरसमज असेल."

"मंग वैजापूरहून जायला तिला उशीर लागंल, असं गणित हाय व्हय तुमचं? तिकडून तिला येष्टी धरावी लागंल?"

तात्यासाहेबांना टोमणा कळला नाही, की कळून त्यांनी गिळला, देव जाणे. ते अगदी मनापासून म्हणाले, "तिथं तिचे आईवडील शेजारीच उठतील. इतक्या वर्षांनी भेट. बोलण्यात गुंतेल ती. तेवढा मला वेळ मिळेल."

मनकर्णाबाईनं विळा परत उचलला. वीस वर्षांत इथं तिनं बापाच्या मयतीला घड्याळ बघणारे बघितले होते, भावाच्या कबरीवर भांडणारे बघितले होते. पण मेलेल्या बायकोला देवाच्या दारात गप्पांत गुंतवायचा बेत करणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला.

"पाळकसाहेबांचा कागद आणा," ती म्हणाली. "कागदाबिगर मी हितली ढेकूळबी हलवणार नाय."

तात्यासाहेब कागदाला गेले. पाळकांनी नेहमीप्रमाणं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. असल्या कामाला सरकारी परवानगी लागते, तेव्हा सोमवारी बघू, म्हणाले. रविवारी जग संपणार असताना पाळक सोमवारचा वायदा देतात, यात काही चुकतंय, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पेटी मात्र गुरुवारी तात्यासाहेबांच्या घरी आली. सुताराला कोणी तरी पत्ता चुकीचा दिला असावा. ती जायची होती तात्यासाहेबांच्या एका ओळखीच्याच्या गोदामावर. सारजाबाईंनी दार उघडलं, पेटी बघितली, ती कोणासाठी ते सुताराकडून काढून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी त्या स्वतःच कबरस्तानात येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, डोळ्यांवर चष्मा. बोलणं शाळेतल्यासारखं स्वच्छ.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "वच्छलाबाई कशा गेल्या?"

"तुमाला काय सांगितलंय?"

"विषमज्वर झाला होता. हे सरकारी कामावर अडकले होते. दवाखान्यात न्यायची सगळी तजवीज करून गेले होते, पण बाईंनी हट्ट धरला, गेल्या नाहीत."

मनकर्णाबाईनं त्यांना खोलीत बसवलं, पाणी दिलं. मग जे झालं ते सांगितलं. तेव्हा ती तात्यासाहेबांच्या घरी शेळीचं दूध घालायची. फौजा आत शिरल्याची बातमी आली त्या दिवशी ती दूध घेऊन गेली, तर दार नुसतं लोटलेलं. आत वच्छलाबाई तापानं फणफणलेली. घरात दुसरं कोणी नाही. नवरा पहाटेच आपली ट्रंक घेऊन फुलंब्रीला बहिणीकडं निघून गेला होता. आपण निजामाचे नोकर, आपल्याला कोणी धरेल, म्हणून. जाताना बायकोला म्हणाला होता, टांगा धाडतो, तू दवाखान्यात जा.

"तीन दिस मी तिथं व्हते," मनकर्णाबाई म्हणाली. "चाकाचा आवाज झाला की डोळे उघडायची अन् विचारायची, टांगा आला का. मी म्हणायची, येतोय. चौथ्या दिशी विचारलं नाय. माज्या मालकानं अन् पुंजारामनं हातगाडीवर घालून हितं आणली. सुतार नव्हता, पेटी नव्हती. माजीच गोधडी गुंडाळली."

सारजाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"दोन वर्षांखाली मला कावीळ झाली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा यांना परभणीला नातलगाच्या लग्नाला जायचं होतं. महिनाभर चाललं ते लग्न."

एवढं बोलून त्या उठल्या. वच्छलाबाईची कबर कोणती, ते विचारून घेतलं, तिथं दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि गेल्या.

रविवार उजाडला. पहाटेपासून मैदानावर पांढरं दिसू लागलं. मुकुंदवाडीकडून, फुलंब्रीकडून बैलगाड्या भरभरून आल्या. ज्यांना पांढरं मिळालं नव्हतं त्यांनी पलंगपोस पांघरले होते. एकानं बैलांना पांढऱ्या झुली घातल्या होत्या. बैलांचा निवाडा होणार नाही, असं कोणीतरी सांगितलं तेव्हा त्यानं त्या काढून स्वतःच्या पोरांना गुंडाळल्या. उपदेशक इम्मानुएल पहाटेच्या थंडीत हात वर करून ओरडत होता. तात्यासाहेब पहिल्या ओळीत, पांढऱ्या कोटात, पांढऱ्या टोपीत. शेजारची जागा त्यांनी हात ठेवून राखून धरली होती.

ती जागा रिकामीच राहिली. सारजाबाई रोजच्या हिरव्या लुगड्यात, हातात फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन, सरळ कबरस्तानात आल्या. वच्छलाबाईच्या कबरीशेजारी त्यांनी पोतं अंथरलं आणि वह्या तपासत बसल्या. मनकर्णाबाईनं चहा केला. पुंजाराम मैदानावर गेला होता. आपला विश्वास नाही, म्हणाला, पण एवढी माणसं एकदम वर जायची असतील तर बघायला काय हरकत आहे.

बाराच्या सुमाराला तात्यासाहेब फाटकातून आत आले. त्यांच्या मागं मंडळीतले पाच-सहाजण. बायको रागावून बसली आहे, समजूत काढायला चला, म्हणून त्यांनीच आणलेले.

"सारजा, इथं काय करतेस? वेळ जवळ आली. चल."

"मी इथंच बसते," सारजाबाई म्हणाल्या. वही मिटलीसुद्धा नाही. "मेलेले आधी उठणार ना? मग वच्छलाबाई उठल्या की आम्ही दोघी मिळून येऊ. तुम्ही व्हा पुढं."

मागचे पाच-सहाजण एकमेकांकडं बघू लागले. तात्यासाहेबांचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला.

"लोक बघताहेत, सारजा."

"बघू द्या. आज सगळंच बघायचा दिवस आहे, असं तुम्हीच म्हणत होता."

तात्यासाहेबांनी मनकर्णाबाईकडं बघितलं. ती विळ्यानं गवत कापत होती आणि तिला फार काम असल्यासारखं दाखवत होती. ते तसेच परत गेले. तीन वाजता पुन्हा आले, एकटेच. या वेळी हात जोडले. सारजाबाईंनी अर्धी भाकरी पुढं केली. उपास आहे, म्हणून ते परत गेले.

तिकडं मैदानावर उपदेशकाचा आवाज बसला होता. लहान पोरं रडायला लागली, तेव्हा बायकांनी आधी चोरून आणि मग उघड उघड गाठोडी सोडली. स्वर्गात जायच्या आधी एक घास खाल्ला तर देव काही परत धाडणार नाही, असं एका म्हातारीनं ठरवून टाकलं आणि सगळ्यांनी तिचं ऐकलं. चार-पाच गाड्या जुंपल्या गेल्या. पुंजाराम येऊन बातमी देऊन गेला की प्रभूचा अजून पत्ता नाही, पण भेळवाला आलाय.

दिवस कलला, मावळतीला टेकला. तात्यासाहेब तिसऱ्यांदा आले ते दिवसभराच्या उपासानं आणि भीतीनं पार सुकून. टोपी हातात. पाय ओढत ते वच्छलाबाईच्या कबरीपर्यंत आले आणि काही बोलणार, तेवढ्यात तुतारी वाजली.

छावणीत रोज दिवस बुडताना झेंडा उतरवतात, तेव्हा बिगुल वाजतं. वीस वर्षं मनकर्णाबाई त्या आवाजावर चूल पेटवत होती. पण तात्यासाहेबांचं घर स्टेशनाकडं, आणि असेल कधी ऐकलेलं तरी त्या घटकेला त्यांना काही आठवलं नाही. ते धाडकन गुडघ्यांवर पडले. डोळे गच्च मिटलेले. दोन्ही हात कबरीच्या मातीत.

"वच्छला," ते म्हणाले, "वच्छला, मी टांगा धाडला होता. देवाशपथ धाडला होता. टांगेवालाच पळाला. त्याला विचार. मी पैसेसुद्धा आगाऊ दिले होते त्याला."

बिगुल थांबलं. कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

मनकर्णाबाईनं आयुष्यात अनेक खोटी माणसं बघितली होती. पण तिच्या मनाच्या तळाशी एक समजूत होती. शेवटच्या दिवशी तरी माणूस खरं बोलेल, असं तिला वाटायचं. देव समोर उभा राहिल्यावर कोण खोटं बोलणार? इथं एकजण देव आला असं पक्कं समजून बसला होता, मेलेली बायको उठतेय असं पक्कं समजून बसला होता, आणि तरीही पहिलंच वाक्य खोटं बोलला होता. वर एका गरीब टांगेवाल्याच्या माथी मारून. त्या क्षणी तिला तात्यासाहेबांचा राग आला नाही. किळस आली. पायाखाली काहीतरी मऊ यावं तशी.

"तात्यासाहेब, उठा," ती म्हणाली. "कॅम्पातलं बिगुल हाय ते. अन् त्या आठवड्यात शहरात एकबी टांगा हलला नव्हता. टांगेवाले समदे मुसलमान. जिवाच्या भेवानं घरात कडी लावून बसले व्हते, लेकराबाळांना पोटाशी धरून. तुमी कुनाला आगाऊ पैसे दिले?"

तात्यासाहेबांनी डोळे उघडले. आधी आभाळाकडं बघितलं. तिथं एक घार होती. मग त्यांनी हळूहळू उठून गुडघ्यांची माती झटकली, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मी प्रार्थना करत होतो."

सारजाबाईंनी वह्या गोळा केल्या. "चला," त्या म्हणाल्या, "घरी जाऊ. भाजी चिरायची आहे." आणि नवऱ्याच्या चार पावलं पुढं चालत त्या फाटकातून बाहेर पडल्या.

जग बुडालं नाही. उपदेशक इम्मानुएल सोमवारी सकाळच्या गाडीनं गेला. जाताना, गणित बरोबर होतं, पण मंडळीच्या प्रार्थनेनं देवाचा क्रोध टळला, असं सांगून गेला. गुलमंडीकडचे भटजीही आपल्या यज्ञाबद्दल नेमकं तेच सांगत होते. म्हणजे जग वाचवायला दोन्हीकडचे लोक धावले होते आणि दोघांनीही ते वाचवलं होतं. मंगळवारी फावडंवाला आला. त्या दिवशी जरा घाई झाली, म्हणाला, फावडं मिळालं तर बरं होईल. पुंजारामनं दिलं नाही.

तात्यासाहेबांनी महिनाभरानं पंचांपुढं तक्रार टाकली. मनकर्णाबाई प्रभुवारी, म्हणजे रविवारी, कबरस्तानात चहा करते, कबरस्तानाचं पावित्र्य राखत नाही, तेव्हा तिला काढून टाकावं. पंच जमले. मनकर्णाबाईला बोलावलं. ती काही बोलायच्या आत सारजाबाई बोलल्या. बायकांच्या बाकावरून उठून, शाळेत धडा सांगावा तशा, त्यांनी शुक्रवारचं, रविवारचं, पेटीचं, सगळं सांगितलं. बिगुलाचं सांगितलं तेव्हा पाळकांनी खाली बघितलं. पंच आपापली नखं बघू लागले.

"तात्यासाहेब, यावर तुमचं म्हणणं?" पाळकांनी विचारलं.

"टांगा धाडला होता," तात्यासाहेब म्हणाले. आवाज अजिबात हलला नाही.

पंचांनी विचार केला. हा विषय प्रार्थनेवर सोपवावा, असं ठरलं. मनकर्णाबाईलाही ठेवावं, असं ठरलं, कारण त्या खोलीत राहायला अजूनही कोणी तयार नव्हतं. तात्यासाहेब पंच राहिले. पुढच्या सणाला लांब प्रार्थनाही त्यांनीच केली. दोन-तीनजणांनी मध्येच डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं, एवढाच काय तो फरक.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी सारजाबाई जालन्याला निघाल्या. तिथल्या मुलींच्या शाळेत जागा निघाली होती. रीतसर सांगून, दोन ट्रंका भरून. मनकर्णाबाई त्यांना सोडायला बसअड्ड्यावर गेली. ऊन रणरणत होतं. दोघी एका पत्र्याच्या सावलीत उभ्या राहिल्या.

"मनकर्णाबाई," सारजाबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं त्या माणसांच्यात राहता. खरं सांगा. उठतील ती?"

मनकर्णाबाईनं पदरानं कपाळाचा घाम पुसला. तिला तिची दोन लेकरं आठवली, एक तीन वर्षांचं, एक सहा महिन्यांचं.

"उठावीत, असं वाटतं," ती म्हणाली. "पर तात्यासाहेबांसारखी बी उठायची असली, तर देवाला लई काम पडंल बाई. मेल्यालं उठवणं सोपं. जित्याला खरं बोलायला लावणं, ते त्याच्याच्यानंबी व्हतं का नाय, मला शंका हाय."

सारजाबाई हसल्या. बस आली. मनकर्णाबाईनं ट्रंका वर चढवायला हात लावला, कंडक्टरशी जागेवरून भांडली, सारजाबाईंना खिडकी मिळवून दिली. बस हलली तशी ती मागं वळली. पुंजारामनं सकाळीच सांगितलं होतं की स्टेशनाकडच्या एका म्हाताऱ्या नर्सबाईचं काही खरं नाही. दुपारपर्यंत निरोप यायचा. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि छावणीची वाट धरली.